पाण्यावरील वसाहती आणि त्यांची मरामत



ज्या नगरीत सरफोजी महाराजांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वैभवास नेला आणि ज्या नगरीत त्यांच्याच कारकीर्दीत, 1803 मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला, त्या तंजावर नगरीत पाण्यावर व पाण्याखाली भावी वसाहती कशा उभाराव्यात या विषयावर परिषदेच्या अध्यक्षस्थानावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जगातील स्थापत्यविशारदांनी या विषयात कल्पनेची कमाल केली आहे. 1960 मध्ये केंझो टांगे यांनी टोकियोच्या उपसागरावर नगर पसरविण्याचा आराखडा मांडला. 1963 मध्ये सागरसंशोधक जाक कुस्तो यांचे सहकारी तांबड्या समुद्रात दहा मीटर खोलीवरील घरात महिनाभर राहिले. आणि सागरनगरांची चित्रे वर्षानुवर्षे रेखाटणाऱ्या कियोनोरी किकुताके यांनी 1975 च्या ओकिनावा प्रदर्शनात ‘अ‍ॅक्वापोलिस’ ही तरंगती इमारत प्रत्यक्ष उभी करून दाखविली. या साहसाविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. परंतु प्रदर्शन संपले, प्रेक्षक ओसरले, आणि 2000 साली ती भव्य वास्तू मोडीत काढण्यासाठी समुद्रमार्गे ओढून नेण्यात आली. कारण तिच्यात संसार थाटणारा आणि स्वतःच्या गरजेपोटी तिची मरामत करणारा रहिवासी तिला कधी लाभलाच नव्हता. नायजेरियात लागोसच्या मकोको वस्तीत 2013 मध्ये बांधलेली तरंगती शाळाही, जगभर वाखाणली गेली असूनही, तीन वर्षांत कोसळली.

पाण्याखालच्या घराविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाचा दाब वाढतो, आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेण्यासाठी जे यान सिद्ध करीत आहे, त्यातील टायटॅनियमच्या गोलाचा व्यास अवघा 2.1 मीटर आहे. तेथे शास्त्रज्ञ काही तास जाऊन येईल. कुटुंब नांदणार नाही. म्हणून समुद्रतळ संशोधकांच्या स्वाधीन करून आपण पाण्याच्या पृष्ठभागाचा आणि काठाचा विचार करू.

या विद्येची एक जुनी शाळा येथून जवळच आहे. करिकाल चोळाने बांधला असे परंपरा ज्याविषयी सांगते, त्या कावेरीवरील कल्लणै बंधाऱ्याचा पाया खडकावर नसून नदीच्या वाळूत आहे: दगड टाकावेत, ते वाळूत रुतू द्यावेत, त्यांवर पुन्हा दगड टाकावेत आणि रुतणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे, अशी ती रीत. एकोणिसाव्या शतकात अभियंते आर्थर कॉटन यांनी या पायाचे बारकाईने निरीक्षण केले आणि 1836 मध्ये कोळ्ळिडम नदीवर बंधारा घालताना तेच ज्ञान वापरले. तरंगत्या वास्तूचा नमुना पाहायचा तर तिरुवारूरच्या कमलालय तलावातील तेप्पम, म्हणजे देवाच्या उत्सवाचा तराफा, पाहावा. हवाबंद पिंपे दोरखंडांनी एकमेकांस जखडून त्यांवर फळ्यांचा तळ घालतात, तळावर वासे-बांबूंचा मजलेदार मंडप उभारतात, आणि देवता, वादक व भाविक यांच्यासह तो सारा डोलारा काठावरून दोरांनी ओढला जातो. उत्सव आटोपला की तो उकलतात आणि पुढल्या वर्षी नव्याने बांधतात. कट्टुमरम या कोळ्यांच्या ओंडक्यांच्या तराफ्याचेही तसेच: समुद्रावरून परतल्यावर कोळी त्याचे ओंडके सोडून वाळूवर सुकत ठेवीत आणि दुसऱ्या फेरीस पुन्हा आवळीत. आता फायबरच्या होड्या आल्या असल्या, तरी जी वस्तू वापरणाऱ्याच्या हातांना सोडता-बांधता येते तीच पाण्यावर टिकते, हे त्या लोकांनी प्रयोगशाळेवाचून सिद्ध केले होते.

आपल्याकडील जलदुर्गांची साक्षही येथे काढली पाहिजे. 1664 मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाचे काम आरंभिले; त्याच्या तटाची थोरवी आपण नेहमी गातो, पण चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींनी गोड्या पाण्याची जी तजवीज केली, तिच्यामुळेच तो दुर्ग नांदता राहिला.

आता आपल्या या तमिळ किनाऱ्याच्या दुःखाकडे वळतो. 1934 मध्ये कावेरीवर मेट्टूरचे धरण झाले. त्यासारख्या धरणांनी शेतीस मोठा आधार दिला, पण त्रिभुज प्रदेशास पोसणारा गाळही मागे अडविला. तरंगंबाडीला 1306 मध्ये बांधलेल्या मासिलामणिनाथाच्या देवळाचा मोठा भाग समुद्राने गिळला आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे नेली, आणि त्यानंतर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या पलीकडे नवी घरे देण्याची शासनाची योजना आली. तिचा हेतू जीव वाचविण्याचा होता, याविषयी मला शंका नाही. परंतु होडी, जाळे आणि नजरेसमोरची सागराची लाट यांपासून दूर गेलेल्या कोळ्याचा धंदा आणि घर यांची फारकत होते, आणि ती टाळणे हे स्थापत्यशास्त्राने आपल्याच शिरावरील अपूर्ण काम मानावे, असे मला तळमळीने वाटते.

नेदरलँड्समधील मासबोमेल येथे 2005 च्या सुमारास बांधलेली घरे एरवी जमिनीवर बसतात आणि पूर आला की खांबांच्या आधाराने वर उचलली जातात. त्यांचे पाण्याचे व विजेचे जोड लवचीक आहेत. ती नदीकाठासाठी आहेत, उसळत्या समुद्रासाठी नव्हेत. म्हणून कावेरीच्या मुखाजवळील संथ खाड्यांपुरताच त्यांचा विचार करावा. अशा घरांची देखभाल कशी व्हावी, याचा धडाही येथेच आहे: या प्रदेशात रयतेने कालव्यांचा गाळ उपसण्याची आणि बांध सावरण्याची कुडिमरामतीची वहिवाट होती. 1858 मध्ये मद्रास सरकारने कायद्याने ती सक्तीची केली, आणि तिचे कष्ट बहुधा गरिबांच्याच वाट्यास गेले. 2017 मध्ये तमिळनाडू सरकारने त्याच नावाची योजना पुन्हा सुरू केली. मला त्या वहिवाटीतील देखभालीची शिस्त हवी आहे, वेठ नको.

म्हणून या परिषदेपुढे मी असा ठराव मांडतो: नागपट्टिनमच्या एखाद्या खाडीकाठी, तेथील कोळी कुटुंबांच्या संमतीने आणि त्यांना समितीत बरोबरीचे स्थान देऊन, तेप्पमासारख्या पिंपांवर पुरात उचलले जाणारे एक घर बांधावे, त्याचा प्रत्येक सांधा गावच्या सुताराला आणि गवंड्याला दुरुस्त करता येईल असा असावा, आणि पहिले पिंप पाण्यात सोडण्यापूर्वी पुढील वीस वर्षांच्या मरामतीच्या खर्चाची तरतूद, मजुरीसह, परिषदेच्या दप्तरी नोंदवावी.