थांबलेला स्प्रे आर्म आणि पाण्याचा माग



ग्वाल्हेरच्या फूलबागेत व्याख्यान म्हटलं की विषय राणी लक्ष्मीबाईंचा, शिंदेशाहीचा, फार तर ग्वाल्हेर घराण्याच्या ख्यालाचा. जवळच राणीची समाधी, पलीकडे मोतीमहाल. इतिहास इथे शोधावा लागत नाही. मी मात्र आज डिशवॉशरवर बोलणार आहे. तेही सबंध यंत्रावर नाही, तर त्याच्या पोटात गरगर फिरणाऱ्या आणि एखाद्या दिवशी फिरायचं नाकारणाऱ्या स्प्रे आर्मवर.

जयविलास महालातली चांदीची गाडी आपण सगळ्यांनीच पाहुण्यांना कौतुकानं दाखवली आहे. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी, सुरई उचलली की थांबणारी. त्या टेबलावरची भांडी नंतर कोण घासत होतं, हा प्रश्न आजवर एकाही पाहुण्यानं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तो प्रश्न अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोसेफिन कोक्रन या बाईंना पडला, तोही नोकरांच्या हातून चिनी मातीच्या किमती ताटल्यांचे टवके उडत होते म्हणून. 28 डिसेंबर 1886 ला त्यांना भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र गाजलं. त्यांच्या यंत्रात ताटल्या चाकावर फिरत आणि पाण्याचा मारा खालून येई. 1924 मध्ये विल्यम लिव्हेन्स या इंग्रज अभियंत्यानं उलटं केलं: भांडी जागेवर ठेवली आणि फवारा फिरवला. या गृहस्थांचं आधीचं काम म्हणजे पहिल्या महायुद्धातली ज्वालाफेकी यंत्रं! असो. आपल्या स्वयंपाकघरात आज जे आहे, ते लिव्हेन्सच्या वाटेनं आलेलं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. स्प्रे आर्मला मोटर फिरवत नाही. मोटर तळातल्या पंपाला असते. पंप पाणी आर्ममध्ये ढकलतो, टोकाकडची एकदोन छिद्रं तिरपी असतात, त्यातून पाणी एका बाजूला सुटतं आणि आर्म विरुद्ध दिशेला ढकलला जातो. दिवाळीतलं भुईचक्र फिरतं, ते ह्याच न्यायानं. म्हणून आर्म थांबला तर "मोटर गेली" असं म्हणू नका. पाण्याचा जोर वाटेत कुठे सांडला, हे शोधा.

पाण्याच्याच जोरावर काम करून घेण्याची युक्ती या शहराला नवी नाही. अभियंते विश्वेश्वरय्यांनी पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारे आणि उतरली की मिटणारे दरवाजे 1903 मध्ये पुण्याजवळच्या खडकवासला धरणाला बसवले. पुढे तसेच दरवाजे आपल्या तिघऱ्याला आले. आणि हेच तिघऱ्याचं धरण ऑगस्ट 1917 मध्ये फुटलं, ते पायाखालच्या दगडात पाणी मुरल्यामुळे. पाणी नको त्या वाटेनं गेलं की काय होतं, हे ग्वाल्हेरला सांगायला नको.

तर माग काढू या. सुरुवात यंत्रापासून नाही, भांड्यांपासून करायची. वरच्या रॅकमधले पेले खरकटे आणि खालची ताटं लख्ख? मग पंप ठीक आहे. बिघाड वरच्या आर्ममध्ये किंवा त्याला पाणी देणाऱ्या नळीत आहे. वरचा रॅक एका बाजूनं उंच आणि दुसऱ्या बाजूनं खाली लागला असेल, तर मागच्या भिंतीशी नळीचं तोंड नीट जुळत नाही आणि पाणी तिथेच सांडतं. काही यंत्रांत पाणी आळीपाळीनं वर-खाली पाठवणारी झडप असते. ती एका बाजूला अडकली तरी हीच लक्षणं दिसतात. पण ते मेकॅनिकचं काम. दोन्ही रॅक अस्वच्छ असतील तर वाट वेगळी, तिच्याकडे येतोच.

आर्म फिरतो की नाही, हे बंद दारातून कळत नाही. सुरू करण्याआधी दोन्ही आर्म दाराच्या दिशेनं सरळ करून ठेवा. धुणं सुरू झाल्यावर काही मिनिटांनी यंत्र थांबवा, वाफ जाऊ द्या, मग दार हळू उघडा. आर्म तसेच्या तसे उभे असतील तर संशय खरा. तरी दोनतीनदा पाहा, कारण फिरून योगायोगानं तिथेच थांबलेले असू शकतात.

आपल्या घरांत पहिला गुन्हेगार म्हणजे झारा. त्याचा दांडा जाळीतून खाली लोंबतो आणि आर्म त्याला अडकून बसतो. दुसरी परात. ही यंत्रं उथळ ताटल्यांच्या देशात जन्मली; पुरणाचं पातेलं आणि कणकेची परात त्यांच्या हिशेबात नव्हती. परात मधोमध उभी केली की तिच्यामागच्या सगळ्या भांड्यांवरचं पाणी अडतं, आणि साबणाच्या कप्प्याचं झाकणही उघडत नाही. भांडी लावून झाल्यावर आर्म हातानं एकदा पूर्ण फिरवून पाहा. एवढ्या एका सवयीनं पुष्कळ तक्रारी संपतात.

हातानं मोकळा फिरतो, पण पाण्यानं फिरत नाही, अशी गत असेल तर आर्म काढा. आधी प्लग काढा. यंत्र गरम असेल तर थांबा. खालचा आर्म बहुतेक यंत्रांत सरळ वर ओढला की निघतो, वरच्याला पेच किंवा चकती असते. जोर लावण्याआधी माहितीपुस्तिका बघा. काढल्यावर कानाशी हलवा. आतून खुळखुळ आली तर समजा मोहरी, जिरं किंवा लिंबाची बी आत गेली आहे. ती फिल्टरमधून गेली, याचा अर्थ बहुधा फिल्टर नीट फिरवून घट्ट बसवलेला नव्हता. आर्म धुण्याइतकंच फिल्टर धुणं आणि तो नीट बसवणं महत्त्वाचं.

छिद्रांच्या कडेला पांढरा थर असेल तर तो चुना. बोरिंगच्या पाण्यातली कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं तापली की त्यांचा दगड बनतो. नळाला येणारं धरणाचं साठलेलं पावसाचं पाणी सहसा मऊ असतं. पण घरात नळ आणि बोरिंग एकाच टाकीत मिसळत असेल, तर कठीणपणा दर आठवड्याला बदलतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. पिण्याला चालणारं पाणी डिशवॉशरला चालतंच असं नाही. त्यासाठीच पुष्कळ यंत्रांत मिठाचा कप्पा आणि कठीणपणाची सेटिंग असते. त्यात घरचं बारीक मीठ घालू नका; डिशवॉशरचं जाड मीठच घाला.

थर काढायला आर्म कोमट पाण्यात व्हिनेगर घालून भिजवा आणि बारीक तारेनं छिद्रं हळूच मोकळी करा. सुई घुसवून छिद्र मोठं करण्याचा मोह टाळा. त्या तिरप्या छिद्राच्या मापावरच आर्म फिरतो. मोठं झालं की पाणी पडतं, पण ढकलत नाही. आर्म दोन अर्धुकं जोडून केलेला असतो. सांध्याला चीर गेली तर पाणी तिथून निसटतं. गोंद लावून चिकटवणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. गरम पाण्यात तो गोंद टिकत नाही. नवा आर्म घ्या.

आता दोन्ही रॅक अस्वच्छ असण्याकडे. फिल्टर तुंबला किंवा पाणी कमी भरलं, तर पंप हवा ओढतो आणि आर्म धापा टाकत फिरतो. पाणी का कमी भरतं? नळ अर्धवट बंद, इनलेटच्या तोंडाच्या जाळीत वाळू, किंवा टाकी पुरेशी उंच नाही. यंत्राला लागणारा किमान दाब पुस्तिकेत लिहिलेला असतो. पुष्कळांत तो 0.3 ते 0.5 बार, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा 3 ते 5 मीटर उंच हवं. सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीतल्या टाकीच्या बरोबर खाली राहणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. फेस हेही कारण असतं. हातानं भांडी घासायचा द्रव साबण यंत्रात घातला की आत नुसता फेसच फेस. पंपाला पाणी मिळत नाही आणि आर्म जागच्या जागी.

इतकं पाहूनही आर्म हलला नाही, किंवा पंप घरघरत असेल, तर खालचं पत्र्याचं झाकण उघडू नका. तिथे वीज आणि पाणी शेजारी असतात. मेकॅनिकला बोलवा, आणि त्याला "मशीन बिघडलं" एवढंच सांगू नका. कोणता रॅक खरकटा राहिला, आर्म हातानं फिरतो का, शेवटी काय धुतलं होतं, हे सांगा. आणि नवा आर्म मागवताना दाराच्या कडेच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक पूर्ण वाचून द्या; एकाच कंपनीच्या दोन यंत्रांचे आर्म एकमेकांना बसतीलच असं नाही.