नेमून दिलेला पाठ



बायबल उघडावं आणि आपल्याला रुचेल तो उतारा वाचावा, ही सवय पुष्कळांना असते. तेविसावं स्तोत्र, डोंगरावरचं प्रवचन, करिंथकरांच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय. मन शांत होतं, दिवस बरा जातो. त्यात वावगं काही नाही. पण कॅथलिक चर्चनं रोजच्या मिस्सेसाठी पाठ नेमून दिले आहेत, आणि तिथे ही मुभा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, ही वाचनमाला नव्यानं बांधली गेली. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: मत्तय, मग मार्क, मग लूक. योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात. इतर दिवशी, चर्चच्या वर्षातल्या सामान्य काळात, पहिलं वाचन दोन वर्षांनी फिरून येतं, शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. वसईत जो पाठ, तोच हरेगावात, तोच गोव्यात.

रोजच्या वाचनातली पहिली नम्रता मला इथेच दिसते. आज काय ऐकायचं, हे मी ठरवत नाही.

एक पाठ जवळून पाहू. सामान्य काळाचा पाचवा आठवडा, गुरुवार, मार्कचा सातवा अध्याय. बहुतेक वर्षी तो फेब्रुवारीत येतो. येशू सोरच्या प्रांतात, परमुलखात गेला आहे. एका घरात उतरला आहे आणि हे कुणाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. तरी एक बाई माग काढत येते. परजातीची, परधर्माची, फिनिकी. घरी तिची लेक अशुद्ध आत्म्यानं पछाडलेली. बाई पायांवर लोळण घेते. आणि येशू तिला सांगतो की आधी लेकरांची पोटं भरायला हवीत. त्यांच्या वाटणीची भाकर कुत्र्यांपुढे टाकणं काही बरं नाही.

या उत्तराची धार कमी करून सांगणारे भाष्यकार आहेत. ही तिच्या श्रद्धेची परीक्षा होती, असंही म्हणतात. असेलही. पण आमच्या नगर-जालना भागात अशी ख्रिस्ती कुटुंबं कितीतरी आहेत, ज्यांच्या मागच्या पिढ्या गावकुसाबाहेर राहिल्या, दारोदार शिळंपाकं मागून जगल्या. त्यांच्या नातवंडांचे कान हा पाठ ऐकताना तापतात. ते तापू द्यावेत. मर्जीनं वाचत असतो तर हे पान आपण उलटून टाकलं असतं. नेमलेला पाठ उलटता येत नाही. त्याच्यापाशी थांबावं लागतं.

ती बाईही थांबली. रागानं निघून गेली नाही आणि मान खाली घालून गप्पही बसली नाही. लेकरांचा हक्क तिनं नाकारला नाही. प्रभूचंच बोलणं उचलून तिनं त्याला उत्तर दिलं: मेजाखालच्या कुत्र्यांनाही लेकरांच्या हातून सांडलेला चुरा मिळतोच की. आणि येशू तिला म्हणतो की तुझ्या या बोलण्याखातर जा, तुझी मुलगी बरी झाली आहे. ऑगस्टच्या सुमारास हीच बाई मत्तयाच्या शुभवर्तमानात पुन्हा भेटते. तिथे येशू तिच्या श्रद्धेची वाखाणणी करतो. मार्कच्या पाठात श्रद्धेचा उल्लेखसुद्धा नाही. लेक बरी होते ती आईच्या बोलण्यानं.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी किती हक्कानं भांडले! तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं मानणारे रेव्हरंड टिळक हे भांडण ओळखून होते. भक्ती जिथे खरी असते तिथे प्रश्न विचारायला जीव कचरत नाही.

पंडिता रमाबाईंचं पाहा. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटिज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही, केवळ चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. तिथल्या ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या आई मानत, त्यांच्याशीही पत्रांतून त्यांनी हा वाद घातला. आणि याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून, आयुष्याची अखेरची वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्ख्या बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. जिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या, तिनं हे काम अल्पशिक्षित बायाबापड्यांना कळावं म्हणून सोप्या मराठीत केलं. १९२२ साली त्या गेल्या. वाद घालणारी रमाबाई आणि ओळीओळीपुढे वाकून बसलेली रमाबाई मला वेगळ्या करता येत नाहीत.

म्हणून माझी एक विनंती आहे. उद्याचा पाठ आज संध्याकाळीच काढून मोठ्यानं वाचा. जे वाक्य पटलं नाही, ते सोडू नका. तेच प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवा, उत्तर मागा.

गुरुवारच्या या पाठानंतर शुक्रवारी मार्कमधला पुढचाच प्रसंग येतो. बहिऱ्या, तोतऱ्या माणसाच्या कानांत येशू बोटं घालतो आणि त्याला ऐकू येऊ लागतं. आदल्या दिवशी येशूनं स्वतः एका परक्या बाईचं ऐकून घेतलेलं असतं. मार्कनं हे दोन प्रसंग शेजारी ठेवले आणि वाचनमालेनंही तो क्रम मोडला नाही. गुरुवार चुकवलेल्याला शुक्रवारी फक्त एक चमत्कार ऐकू येतो.