डोळ्यांतील दाब आणि पारपटलाची जाडी



सायकलच्या चाकात हवा पुरेशी आहे की नाही, हे आपण अंगठा दाबून पाहतो. परंतु अंगठ्याला जाणवणारा विरोध केवळ आतील हवेचा नसतो; वरच्या रबराचाही असतो. झिजून पातळ झालेला टायर हवा असूनही दबतो, आणि नवा जाड टायर हवा कमी असूनही टणक भासतो. काचबिंदूच्या तपासणीत अशीच फसगत होऊ शकते.

डोळ्याच्या पुढील भागात पाण्यासारखा एक द्रव सतत पाझरत असतो व बारीक जाळीतून निघून जात असतो. हा निचरा मंदावला की दाब चढतो, आणि दृष्टीचा संदेश मेंदूकडे नेणारे सुमारे १० लाख तंतू हळूहळू मरू लागतात. बहुधा वेदना नसते. नजरेच्या कडा आधी जातात, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. मोतीबिंदू काढला की दिसू लागते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही.

हा दाब मोजण्याचे सर्वमान्य उपकरण स्वित्झर्लंडमधील बर्नचे प्राध्यापक हान्स गोल्डमान ह्यांनी १९५० च्या दशकात सिद्ध केले. बुबुळावरील पारदर्शक आवरण, म्हणजे पारपटल, ३.०६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळापुरते सपाट करण्यास किती जोर लागतो, हे त्यात पाहतात. हे माप मोठ्या चातुर्याने निवडले आहे. तेवढ्या वर्तुळात अश्रूंचा थर उपकरणाला आत ओढतो आणि पारपटलाचा ताठरपणा त्याला बाहेर लोटतो. दोन्ही एकमेकांना खोडतात, व उरतो तो आतील दाब. परंतु हा हिशेब पारपटल सुमारे अर्धा मिलिमीटर जाड आहे असे धरून केलेला आहे. जाडी फार निराळी असेल तर आकडा चुकेल, ह्याची गोल्डमान ह्यांना जाणीव होती. पुढे जाडी सहज मोजता येऊ लागली, तेव्हा माणसामाणसांत तिचा केवढा फरक असतो हे ध्यानात आले.

माझ्या एका सहशिक्षकांचा दाब दर वर्षी १७ भरे. २१ पर्यंतचा आकडा सामान्य समजतात, म्हणून ते निश्चिंत असत. वर्गात उजव्या बाजूच्या बाकावरील मुलांचे हात त्यांना दिसेनासे झाले, तेव्हा कोठे जाडी मोजली गेली. ती ०.४८ मिलिमीटर निघाली.

दाब अधिक, पण तंतू अद्याप शाबूत, अशा १,६३६ लोकांची अमेरिकेत अनेक वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे पारपटल पातळ, त्यांना काचबिंदू होण्याचा संभव स्पष्टपणे अधिक आढळला. उलट जाड पारपटलामुळे आकडा फुगतो, आणि काहींना नको असलेले औषध जन्मभर घालावे लागते, हेही खरे.

मग जाडी पाहून आकड्यात ठरावीक बेरीज-वजाबाकी करावी काय? तसे कोष्टक पुष्कळांनी मांडले, पण सर्वांना लागू पडेल असे एकही नाही. पारपटलाचा लवचिकपणाही माणसागणिक निराळा असतो. म्हणून जाणता वैद्य तंतूंचे टोक व नजरेचे क्षेत्र तपासल्याशिवाय निर्णय देत नाही. जाडी मात्र एकदा मोजवून घ्यावी. काम मिनिटाचे असते. चष्मा घालविण्यासाठी ज्यांनी लेसरची शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्यांचे पारपटल तासलेले असते व दाब खोटाच कमी दिसतो. दहा-वीस वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर ही गोष्ट त्यांनी न विचारता सांगावी, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या मापांचा कागद जपून ठेवावा.