पाण्याचा मुक्काम आणि गाळाचा मुक्काम : घरगुती सांडपाण्याच्या विनॉक्सी शुद्धीकरण पद्धती

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण हवेतील प्राणवायूशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांकडून कुजवून घेणे, म्हणजे विनॉक्सी शुद्धीकरण होय. पाण्यात हवा खेळवण्यासाठी यात वीज लागत नाही आणि गाळही कमी साठतो. परंतु शेवटच्या टप्प्यात मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव इतक्या सावकाश वाढतात की ते पाण्याबरोबर वाहून गेले तर टाकी निरुपयोगी ठरते. म्हणूनच पाणी लवकर पुढे सोडावे, पण सूक्ष्मजीवांनी भरलेला गाळ मागे राखावा, हा पेच कोणती पद्धत कसा सोडवते, हीच तुलनेची खरी कसोटी आहे.

घरोघरच्या सेप्टिक टाकीत पाणी साधारणपणे एक-दोन दिवस राहते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी गाळाला फारसे न शिवता बाहेर पडते. त्यामुळे विरघळलेली घाण बहुतांशी तशीच राहते आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे घाण कुजवताना पाण्यातील जो प्राणवायू खर्ची पडतो त्याचे माप, सामान्यतः ३० ते ५० टक्केच घटते. हा दोष दूर करण्यासाठी आडभिंतींच्या टाकीत पाणी एकामागून एक कप्प्यांत तळाकडून वर, गाळाच्या थरातूनच चढवले जाते. विनॉक्सी गाळणीत खडीवर किंवा प्लास्टिकच्या तुकड्यांवर सूक्ष्मजीवांचा थर वाढवला जातो. या दोन्हींत शुद्धीकरण अधिक होते, पण आधी मैला नीट बसवला नाही तर गाळणी चोंदते.

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे खात्से लेटिंगा यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेल्या ऊर्ध्वप्रवाही गाळथर पद्धतीत सांडपाणी तळातून शिरते, तरंगत्या गाळाच्या थरातून वर चढते आणि माथ्यावरील विभाजक वायू, पाणी व गाळ वेगळे करतो. उष्ण हवामानात यासाठी सुमारे ८ ते १० तास पुरतात आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी साधारणपणे ६० ते ७५ टक्के घटते. गंगा कृती योजनेखाली कानपूरच्या जाजमऊ येथे १९८९ साली दररोज ५० लाख लिटर क्षमतेचा असा प्रकल्प सुरू झाला. थंडीत मात्र सूक्ष्मजीव मंदावतात, शिवाय प्रवाह व गाळाची पातळी सांभाळणारा जाणकार माणूस लागतो. म्हणून ही पद्धत एकेका घरापेक्षा वस्तीला किंवा शहराला अधिक शोभते.

वायूच्या लाभाबाबतही हेच तारतम्य हवे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून मिळणारा वायू वापरला गेला होता आणि देहूच्या डॉ. मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या गॅस प्लँटचा प्रसार केला. शौचालयाला जोडलेल्या अशा प्लँटमध्ये मैल्यात पाणी कमी मिसळलेले असते. उलट शहरी सांडपाणी पातळ असल्याने वायू थोडा निघतो आणि त्यातील बराच मिथेन पाण्यात विरघळून बाहेर जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरतो.

यांपैकी कोणतीही पद्धत नत्र किंवा रोगजंतू पुरेसे काढत नाही. त्यामुळे शोषखड्डा, पाणवनस्पतींचे वाफे किंवा तळे असा पुढचा टप्पा आणि गाळ उपसण्याची व्यवस्था यांसह खर्च मांडल्यावरच निवड करणे योग्य ठरते. वेळेवर उपसली जाणारी साधी टाकी ही देखभालीविना पडलेल्या प्रगत टाकीपेक्षा अधिक उपयुक्त असते.