सीताफळाचा वास आणि सीताफळाचा गर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत मिल्कशेकची गोष्ट कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण शहरात सीताफळ मिल्कशेकचा एक ग्लास किती रुपयांना मिळतो आणि तेवढ्याच पैशांत हंगामात आपण किती सीताफळे देऊन येतो, हा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

त्या ग्लासात दूध असते, साखर असते, बर्फ असतो आणि चव असते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. फळाची खरी ओळख नाकाला पटते. ही ओळख बाटलीत भरून विकण्याचा जगभर मोठा धंदा आहे. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेट नावाच्या एका रसायनाने बराचसा साधतो. थंड पेयात गोडी आणि वास दोन्ही दबतात, म्हणून साखर आणि अर्क जास्त घालतात.

यात शेतकऱ्याचे काय होते, ते व्हॅनिलाने दाखवले आहे. १८७४ साली जर्मनीत टिमान आणि हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी पाइनसारख्या झाडांच्या रसातील द्रव्यापासून व्हॅनिलाचा वास बनवला. आज या वासाचा एक टक्काही शेंगेतून येत नाही. तरी मादागास्करचे पीक वादळात सापडले आणि २००३ च्या सुमारास शेंगेचा भाव आभाळाला भिडला. कर्नाटक-केरळातल्या शेतकऱ्यांनी वेली लावल्या. मादागास्करचे पीक सावरले, कारखाने स्वस्त वासाकडे वळले आणि दोनेक वर्षांत भाव कोसळला. निव्वळ वासासाठी विकल्या जाणाऱ्या पिकाचे असे होते.

सीताफळाचे तसे नाही. वासाची नक्कल होईल, पण गराचा घट्टपणा आणि रवाळपणा अर्काच्या थेंबात येत नाही. हे झाड पावसाच्या पाण्यावर येते, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पाटीत विकायचे तर तोडल्यावर दोन-चार दिवसांत फळ पिकते, आणि व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो.

मग गर विकावा. पण काम सोपे नाही, हेही आम्ही सांगतो. गर हवेने काळवंडतो. आंब्याच्या रसासारखा तापवून डबाबंद करावा तर कडवटतो. म्हणून तो स्वच्छ हातांनी काढून लगेच गोठवावा लागतो आणि उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली ठेवावा लागतो. बी फुटून गरात जाता कामा नये, ती विषारी असते. आणि वीज गेली की सारा माल वितळतो. तेव्हा खात्रीची वीज हीच पहिली गरज आहे.

म्हणून आमचे सांगणे असे: आधी कर्ज काढून यंत्र घेऊ नका. आधी गिऱ्हाईक बांधा, शीतगृहात भाड्याने जागा मिळते का पाहा, मग चार घरांनी मिळून एक हंगाम गर काढून बघा. आणि शहरात ग्लास हातात घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, यात फळ किती आणि अर्क किती?

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावातली सीताफळाची झाडे मोजून या.