कळलावी आणि माझा अंगठा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



बँकेत चौतीस वर्षे नोकरी केलेला माणूस औषधी वनस्पतींवर काय बोलणार, असे तुम्हाला वाटत असेल. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पण गाऊटचा पेशंट म्हणून माझी बारा वर्षांची सर्व्हिस झाली आहे, म्हणून हे धाडस.

पावसाळ्यात आपल्यापैकी बरेच जण सकाळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फिरायला जातात. तिथे झुडपांवर चढलेली एक वेल दिसते. पानांची टोके दोऱ्यासारखी वळलेली, फुले लाल-पिवळी, पाकळ्या वर वळलेल्या, जणू ज्वाळाच. हीच कळलावी. संस्कृतात हिला अग्निशिखा आणि लांगली म्हणतात. बाळंतपणाच्या कळा आणते अशी समजूत, म्हणून नाव कळलावी. (आपल्या जनरल बॉडी मीटिंगमध्येही काही कळलावे सभासद असतात, त्यांचा हिच्याशी संबंध नाही!) कोकणात लहानपणी आजी बजावायची, "फूल लांबूनच बघ रे, कंदाला हात लावू नकोस." आयुर्वेदातही लांगलीची गणना उपविषात आहे.

या विषारी वेलीत कॉल्चिसीन नावाचे द्रव्य असते आणि गाऊटच्या झटक्यावर डॉक्टर जी छोटी गोळी देतात ती याच कॉल्चिसीनची. युरोपात ते कॉल्चिकम नावाच्या दुसऱ्या झाडात मिळाले. 1820 मध्ये पेलेतिये आणि काव्हँतू या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. हिवतापावरचे क्विनीनही त्याच वर्षी याच दोघांनी काढले. आपल्याकडे युनानी हकीम सांधेदुखीवर सुरंजान देत आले, तेही कॉल्चिकमचेच कंद. आज तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात, त्या बियांतून कॉल्चिसीन काढतात. तिथले ते राज्यफूलच आहे.

हे काम कसे करते? रक्तात युरिक ॲसिड वाढले की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक जमतात. पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजून धावून येतात, आणि त्या धावपळीतच सांधा लाल होतो, सुजतो, ठणकतो. पेशीच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो, त्याच्या जोरावर ती हालचाल करते. कॉल्चिसीन तो सांगाडा उभाच राहू देत नाही. गर्दी थांबते, आग शमते. पण युरिक ॲसिड त्याने कमी होत नाही. त्यासाठी ॲलोप्युरिनॉलसारखे वेगळे औषध लागते. एक आग विझवणारा, दुसरा गॅसचा कॉक बंद करणारा.

मात्र पेशींचा सांगाडा काही फक्त अंगठ्यातच नसतो. तो आतड्यात आहे, हाडांच्या मगजात आहे, सगळीकडे आहे. हे मला उशिरा कळले.

एका वर्षी गटारीला मटण आणि कोळंबी यथेच्छ झाली. दुसऱ्या रात्री उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला. चादरीचा स्पर्शही सहन होईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, किती आणि केव्हा ते चिठ्ठीवर लिहून दिले. मी हुशार! त्याच आठवड्यात वाचले होते की हे झाडापासूनचे औषध. मनात म्हटले, झाडपाल्याने काय अपाय होणार? दुखणे थांबेना तशी तासाला एक, अशा आठ गोळ्या घेतल्या. पहाटे तीनपर्यंत उलट्या, जुलाब, हातपाय गार. माझी किडनी आधीच जरा मंद, म्हणजे औषध बाहेर पडायलाही वेळ. लिफ्ट बंद होती. सी विंगमधला एक मुलगा आणि आपले वॉचमन यांनी मला खुर्चीत बसवून चार मजले खाली आणले. तीन दिवस सलाईनवर होतो. तिथले डॉक्टर म्हणाले, "काका, याच्यावर उतारा नाही. शरीराने सोसले तर सोसले." घरी आल्यावर सौ. एवढेच म्हणाली, "बँकेत असा चेक सही न बघता पास केला असता का हो?" उत्तर नव्हते.

नंतर समजले की 2010 मध्ये अमेरिकेत याचा अभ्यास झाला होता. एका गटाला तासाभरात 1.8 मिलिग्रॅम, दुसऱ्याला सहा तासांत 4.8 मिलिग्रॅम. आराम दोघांना जवळपास सारखाच. पण जुलाब थोड्या मात्रेत शंभरात 23 जणांना, जास्त मात्रेत 77 जणांना. म्हणजे मी जास्तीच्या गोळ्यांनी फक्त त्रासच विकत घेतला! (हे आकडे डोस म्हणून लिहून घेऊ नका. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांकडे.)

आता कट्ट्यावरच्या सल्ल्यांबद्दल. हळदीतील कुर्कुमिनने सूज उतरते असे प्रयोगशाळेत दिसले आहे, पण आमटीतल्या चिमूटभर हळदीने गाऊटचा झटका थांबत नाही. गुळवेल आयुर्वेदात वातरक्तावर मानाची. पण कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखली गेली होती का, असे विचारले. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आपण एवढे शिकावे की वेल कोणती, भाग कोणता, किती घ्यायचे आणि बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारल्याशिवाय काही तोंडात टाकू नये. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिकही कॉल्चिसीनबरोबर घातक ठरू शकते. म्हणून घशासाठी गेलात तरी गाऊटची गोळी सांगा.

मला झाडपाल्याविरुद्ध बोलायचे नाही. मी आजही कळलावीच्याच गुणावर चालतो आहे, फक्त चिठ्ठीवर लिहिले तेवढ्यावर. यंदा पावसात पार्कात गेलात तर ती वेल जरूर बघा, नातवंडांनाही दाखवा. पण लांबूनच.

आणि त्या रात्री मला खाली उतरवणाऱ्या दोघांचे आभार आज सर्वांसमोर मानतो. पंचवीस वर्षांत या सोसायटीने मला काय दिले, याचे उत्तर ती खुर्ची आहे.