उपवास तिचा, निर्णय कोणाचा?

(महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

गेल्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या गटातल्या एकीची स्तनाच्या कॅन्सरसाठी केमोथेरपी चालू होती. तिसऱ्या डोसला गेली तेव्हा वजन चार किलोंनी उतरलेलं, उभं राहवेना. डॉक्टरांनी डोस पुढे ढकलला. नऊ दिवस ती चहा आणि वरईच्या दोन घासांवर होती. विचारलं तर म्हणाली, "ताई, सासूबाई नवस बोलल्यात. मी उपवास मोडला आणि काही झालं, तर दोष माझ्याच माथी."

मी तिच्या श्रद्धेशी भांडले नाही. प्रश्न वेगळाच आहे. निरोगी असतानाही बाई सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खाते. म्हणून तिचं न खाणं घरात कोणाला खटकतच नाही.

उपचारांच्या काळात शरीराला भरून यायला प्रथिनं लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, असं आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. डाळ, दूध, दही, दाणे, अंडी, मासे, जे परवडेल आणि पचेल ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायला हवं. तोंड आलं असेल तर मऊ खिचडी, दहीभात. निर्जळी उपवास तर नकोच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला देतात त्या सिस्प्लॅटिनसारख्या औषधाचा मूत्रपिंडांवर ताण येतो, तेव्हा पाणी पोटात जायलाच हवं.

"उपाशी राहिलं की गाठ सुकते," असंही कोणी सांगतं. गाठीच्या पेशी साखर जास्त वापरतात, हे खरं. पण आपण जेवलो नाही म्हणून गाठीची साखर तुटत नाही. शरीर स्वतःचे स्नायू झिजवून साखर तयार करतं. केमोच्या दिवसांत कमी खाण्यावर संशोधन चालू आहे. नेदरलँड्समध्ये १३१ स्त्रियांवर झालेला असा एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, ठरवून दिलेला आहार होता. तरी बहुतेकींना तो सगळ्या डोसांच्या वेळी पाळता आला नाही. घरचा उपवास म्हणजे तो प्रयोग नव्हे.

मग आम्ही काय केलं? चौघीजणी सासूबाईंकडे गेलो. म्हटलं, आजाऱ्याचा उपवास घरातल्या दुसऱ्याने धरला तरी चालतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. सासूबाई गप्प बसल्या. मग मुलाला हाक मारून म्हणाल्या, "उरलेले सोमवार तू धर."

तो आता सोमवार धरतो. ती जेवते. पुढचा डोस वेळेवर झाला.

तेव्हा मैत्रिणींनो, आजारी बाईला भेटायला जाताना नारळ आणि सल्ले नेऊ नका. डबा न्या. आणि घरातल्यांना सर्वांसमोर विचारा, "ही आज काय जेवली?"